बत्तीस सेकंद आधी

महिपतराव गुरवांच्या घराण्यात देवपूजेइतकेच जुने दुसरे एक व्रत होते, ते म्हणजे काळ मोजण्याचे. वेळापूरच्या पंचक्रोशीत लग्न असो की मुंज, मुहूर्ताची घटका मोजण्यासाठी त्यांच्या घरचे तांब्याचे घटिकापात्र मानाने नेले जाई. पाण्याने भरलेल्या घंगाळात ते अलगद सोडायचे. त्याच्या तळाला सुईच्या अग्राएवढे छिद्र होते. त्यातून पाणी चढत चढत पात्र बुडाले की एक घटका, म्हणजे आपली चोवीस मिनिटे, सरली. पात्राशेजारी बसणाऱ्याने बोलायचे नाही, उठायचे नाही, मन दुसरीकडे जाऊ द्यायचे नाही. महिपतरावांचे आजोबा सांगत, "पात्र बुडताना ज्याची नजर चुकली, त्यानं दुसऱ्याचा संसार चुकवला."

देवळाची पूजा थोरल्या भावाकडे गेली आणि महिपतरावांच्या वाट्याला ते पात्र आले. ते घेऊन ते सोलापुरास आले, शुक्रवार पेठेत बिऱ्हाड केले, आणि शहराबाहेर ज्वारीच्या रानात उभ्या असलेल्या एका वीज उपकेंद्रात यंत्रचालक म्हणून लागले. केस पांढरे झाले, निवृत्ती दृष्टिपथात आली. पात्र वर्षातून एकदा, खंडेनवमीला, बाहेर निघे. त्या दिवशी उपकेंद्रातल्या पकडी, पाने, हातमोजे, मीटर यांची पूजा होई, आणि त्या पूजेत मधोमध ते पालथे मांडले जाई.

सहा वर्षांपूर्वी उपकेंद्रात उपग्रहांवरून वेळ घेणारे घड्याळ आले. ते बसवायला बंगळुरूहून एक तंत्रज्ञ आला होता. त्याने गच्चीवर एक नळी उभी केली, तिच्या टोकाला नारळाएवढी, वरून गोल, पांढरी टोपी बसवली आणि तिची तार खाली नियंत्रण कक्षातल्या संचाला जोडली. महिपतरावांनी त्याला खोदून खोदून विचारले, आणि त्याने मोडक्यातोडक्या मराठीत सांगितले, ते असे. वीस हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरतात. प्रत्येकाच्या पोटात अणूच्या कंपनावर चालणारे घड्याळ आहे. प्रत्येक जण अखंड सांगत असतो की मी आता इथे आहे, आणि आता इतके वाजले आहेत. ही टोपी म्हणजे कान. निदान चौघांचे बोलणे एकदम कानी आले की खालचा संच आपले स्थान आणि आपली वेळ दोन्ही ताडून घेतो. मग तो दर सेकंदाला एक ठोका देतो आणि एक अढळ कंपन देतो. तारांतली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते की नाही, हेही त्याच कंपनाने जोखायचे. उपकेंद्रातला कोणताही खटका उघडला किंवा मिटला, की नोंदयंत्र त्या घटनेवर हीच वेळ उमटवणार.

"आणि कानाला ऐकू आलं नाही तर?" महिपतरावांनी विचारले.

"ढगानं काही होत नाही. पत्रा, धातू काही आडवं आलं, तर ऐकणार नाही. मग हिरवा दिवा जाऊन लाल लागेल. तोवर आतला स्फटिक शेवटचं ऐकलेलं धरून आपलं आपण मोजत राहतो."

"म्हणजे आठवणीवर चालतं."

"हां, आठवणीवर."

महिपतराव तृप्त झाले. आकाशातून कानी पडते ती श्रुती, आणि ऐकू येईनासे झाल्यावर जिच्यावर भागवायचे ती स्मृती. बालपणी देवळाच्या ओवरीत शास्त्रीबुवांनी शिकवलेला भेद लोखंडी पेटीत नांदताना पाहून त्यांचे डोळे पाणावले. त्या साम्यात मन रमले असतानाच तंत्रज्ञाने आणखी दोन वाक्ये उच्चारली. बऱ्याच दिवसांनी कान उघडला तर उपग्रह पुन्हा सापडायला पाव तास लागतो, हे त्यांनी ऐकले. ही आठवण काही तासच भरवशाची असते, पुढे स्फटिक हळूहळू ढळतो, हे त्यांनी ऐकले नाही.

त्या दिवसापासून ते घड्याळ त्यांचे झाले. रोज सकाळी कक्षात पाऊल टाकले की ते संचासमोर उभे राहून मनगटावरचे घड्याळ सेकंदासकट जुळवून घेत. त्यांच्या पाळीचा जोडीदार तिप्पण्णा अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा आणि तोंडाचा मोकळा होता. तेरा वर्षे दोघे एकाच टेबलावर डबा खात आले होते. गच्चीवरच्या टोपीला त्याने नाव ठेवले होते, अण्णांची पिंड.

"अण्णा, आज सोमवार हाय. तुमच्या पिंडीला अभिषेक न्हाय व्हय?"

"हसू नको तिप्पण्णा. सगळ्या जगाचा काळ तिथं उतरतोय."

"उतरू द्या की. पगार तेवढा वेळेवर उतरला म्हंजे झालं."

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला महिपतरावांच्या मनात आले की ज्या पात्राने पूर्वजांनी काळ मोजला, ते पात्र या नव्या कालदेवतेच्या मस्तकी असावे. जुन्याने नव्याला आशीर्वाद द्यावा. गच्चीवर जाऊन त्यांनी टोपीला हळदकुंकू वाहिले, पात्र तिच्यावर पालथे घातले आणि काय योग, ते माप घेऊन घडवल्यासारखे काठापर्यंत बसले. घारी-कावळ्यांनी पाडू नये म्हणून वरून पिवळे वस्त्र गुंडाळून नळीला नाड्याने घट्ट बांधले. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उत्तरपूजा करून पात्र हलवायचे. मांडलेली पूजा ज्याने मांडली त्यानेच हलवायची, हा शिरस्ता.

त्याच दुपारी वेळापुराहून फोन आला. त्यांच्या मातोश्री दगडाबाई गेल्या होत्या.

सुतकात देवाचे काही शिवता येत नाही. चौदाव्या दिवशी ते मुंडण केलेल्या डोक्याने कामावर परतले, तेव्हा त्यांनी तिप्पण्णाला विचारले, "पूजेचं आवरलंस का?"

"आवरलं की. समदं फडक्यात बांधून कपाटात ठेवलंय. देवाचं हाय, मी काय उघडून बघितलं न्हाय."

त्याने आवरले होते ते ताम्हन, समई, घंटा. गच्चीवरचे पिवळे वस्त्र त्याला देवाचे सोवळेच वाटले आणि ते त्याने भक्तीने तसेच राहू दिले. महिपतरावांच्या घरी वर्षभर सण नव्हता, म्हणून कपाटातले गाठोडे कुणी सोडले नाही.

संचावर लाल दिवा लागला होता. महिपतरावांनी नोंदवहीत तीन आठवडे रोज लिहिले, "घड्याळ : लाल दिवा. वरिष्ठांस कळविले." वरिष्ठांकडून कुणी आले नाही. मग तो दिवा भिंतीवरच्या पालीसारखा सगळ्यांच्या सवयीचा झाला. घड्याळ चालतच होते.

माघात एकदा तिप्पण्णा म्हणाला, "अण्णा, माझ्या मोबाइलमधी अर्धा मिनिट पुढं दिसतंय बगा."

"मग मोबाइल दुरुस्त करून घे," महिपतराव म्हणाले.

चैत्रात एके दिवशी बारा वाजायच्या सुमारास बिरप्पा मेला. सांगोल्याकडच्या मेंढपाळांच्या घरातला हा तरणा तारवाला, म्हणजे लाइनमन, पाठीमागे बायको मायाक्का आणि एक तान्ही पोर. एका कारखान्याकडे जाणाऱ्या वाहिनीवर त्या दिवशी काम होते. वाहिनी बंद केल्याचा परवाना उपकेंद्रातून घ्यायचा, काम आटोपून सगळी माणसे खाली उतरल्यावर तो फोनवर परत करायचा, आणि मगच उपकेंद्राने खटका मिटून वीज सोडायची, असा नियम. परवाना होता उपअभियंता युवराज साहेबांच्या नावे. खटक्यापाशी तिप्पण्णा होता. महिपतराव त्या दिवशी रजेवर होते.

तिप्पण्णाने सांगितले की साहेबांचा फोन आला, 'परवाना परत, लाइन सोड' म्हणाले, म्हणून मी सोडली.

युवराज साहेबांनी आधी नोंदयंत्राचा कागद पाहिला, आणि मग जबाब दिला. फोन आपण केला होता, पण तो परवाना परत करायला नव्हे. बिरप्पा खांबावर असतानाच वीज आली, तो डोळ्यांदेखत कोसळला, म्हणून 'काय केलंस हे' असे ओरडायला आपण फोन केला.

फोन कंपनीच्या नोंदीत वेळ होती अकरा बेचाळीस आणि दहा सेकंद. नोंदयंत्राच्या कागदावर खटका मिटल्याची वेळ होती अकरा एकेचाळीस आणि अडतीस सेकंद. म्हणजे खटका फोनच्या बत्तीस सेकंद आधी मिटला होता. दोन माणसांचे दोन शब्द परस्परांविरुद्ध उभे होते, आणि त्यांच्यामध्ये तो कागद.

उपकेंद्रातच भरलेल्या चौकशीत तिप्पण्णा हात जोडून म्हणाला, "साहेब, ते घड्याळ मागं हाय. माझ्या मोबाइलमधी बगा, लांब कशाला, हितं दहा पावलांवर हाय. उठून बगा की."

चौकशी अधिकारी उठले नाहीत. त्यांनी महिपतरावांकडे पाहिले. "गुरव, घड्याळाची देखरेख तुमच्याकडे आहे. दिवा लाल आहे म्हणतात. काय सांगता?"

महिपतराव उभे राहिले. त्यांच्या आवाजात एक प्रकारची आर्जवी प्रतिष्ठा होती, जशी मुहूर्त सांगणाऱ्याच्या आवाजात असते. "साहेब, दिवा लाल असला तरी ते स्मरणावर चालतं. बसवणाऱ्यानं माझ्यासमक्ष सांगितलंय. मोबाइल तो मोबाइल. हे घड्याळ खोटं बोलत नाही."

तिप्पण्णाने त्यांच्याकडे एकदाच पाहिले. हे वाक्य लिहून घेतले गेले, खाली महिपतरावांची सही झाली. तिप्पण्णाला कामावरून काढून टाकण्यात आले.

आठ दिवसांनी त्याची बायको दानेश्वरी शुक्रवार पेठेत त्यांच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. आत यायला तयार होईना.

"अण्णा, तुमी एक डाव म्हना, घड्याळ चुकलं आसंल. चुकलंय म्हनू नका, चुकलं आसंल, येवडंच."

"दानेश्वरी, मी जे जाणतो ते बोललो. असत्य कसं बोलू?"

"मग ह्यांनी खोटं सांगितलं व्हय?"

महिपतराव गप्प राहिले. त्यांच्या लेखी ते मौन दयेचे होते.

"तुमच्या हातचा परसाद खाऊन आमची पोरं मोटी झाली," ती म्हणाली, आणि चपला पायात न घालता, हातात घेऊनच गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेली.

पावसाळा सरला. महिपतरावांच्या निवृत्तीला दीड महिना उरला. दगडाबाईंना जाऊन वर्ष होत आले, आणि खंडेनवमी आठवड्यावर आली. तिप्पण्णाने वरच्या कार्यालयात अपील केले होते, त्याची सुनावणी सोमवारी होती.

त्या गुरुवारी चाचणी विभागातून प्रियदर्शनी नावाची नवी अभियंता उपकेंद्रावर आली. वय पंचवीस-सव्वीस, डोक्यावर पिवळे शिरस्त्राण, बोलण्यात घाई नाही. लाल दिव्यासमोर ती उभी राहिली ती उभीच राहिली.

"काका, हा केव्हापासून लाल आहे?"

महिपतरावांनी नोंदवही काढली. पहिली नोंद गेल्या वर्षीच्या दसऱ्याची, दुसऱ्या पाळीतल्या कुणी केलेली.

"एक वर्ष!" ती म्हणाली. "एक वर्ष आकाश ऐकलं नाही याने?"

"पण स्मरणावर चालतंय की, बाईसाहेब."

"काका, ते स्मरण काही तासांचं असतं. नंतर दिवसाला पाव सेकंद, सेकंदाचा तिसरा हिस्सा असं घसरत जातं. वर्षाचा हिशेब तुम्हीच करा." तिने नोंदवहीतून वर पाहिले. "चैत्रात इथेच तो अपघात झाला ना? बत्तीस सेकंदांवरून कुणाला तरी काढलं?"

महिपतरावांनी उघडी नोंदवही मिटली.

प्रियदर्शनी आता भराभर बोलू लागली. "ऐका. माझा स्वतःचा संच शहरातल्या कार्यालयात आहे. मी जाऊन घेऊन येते, तासाभरात. तोवर कुणी कशाला हात लावायचा नाही. वर अँटेनाला नाही, तारेला नाही. आज हे घड्याळ किती मागे आहे ते मी मोजणार, आणि त्यावरून चैत्रात किती मागे होतं ते काढता येईल. पण याने एकदा आकाश ऐकलं की हे क्षणात बरोबर होईल, आणि किती चुकलं होतं ते कुठेही लिहून ठेवणार नाही. जुना संच आहे. चूक हाच आपला साक्षीदार आहे, काका. तिला जपा."

तिची गाडी फाटकाबाहेर पडली. महिपतराव कपाटाकडे गेले. गाठोडे सोडले. ताम्हन होते. समई होती. घंटा होती.

दुपारचे बारा वाजून गेले होते. गच्चीची लोखंडी शिडी उन्हाने तापली होती. वर नळीच्या टोकाला, उन्हापावसाने पिवळ्याचे पांढरे झालेले ते वस्त्र होते, आणि नाड्याची गाठ त्यांनीच बांधलेली, गुरवांच्या पद्धतीची, दोन वेढ्यांची. त्यांनी ती ओळखली. आपल्या हातची गाठ माणूस अंधारातही ओळखतो. इथे तर लख्ख ऊन होते.

ते पुढे गेले. वस्त्र हाताला लागताच जीर्ण होऊन सुटले. खाली हिरवट काळे पडलेले पात्र दिसले. वर्षभर उत्तरपूजेविना राहिलेली मांडणी. त्यांच्या तोंडून आपोआप मंत्र निघाला आणि दोन्ही हात पात्राला लागले. 'हात लावू नका' हे शब्द त्यांना आठवत होते. ते विसरले, असे पुढे त्यांना कधीच म्हणता आले नाही. हात पुढे झाला तो भक्तीने की भीतीने, अपुरी पूजा पुरी करायला की आपली खूण पुसायला, हे मात्र त्यांना त्या क्षणीही कळले नाही, आणि नंतरही नाही.

पात्र वर आले. पांढरी टोपी वर्षभरानंतर आकाशासमोर उघडी झाली. तिच्यावर वाळलेल्या हळदीचा एक वर्तुळाकार डाग होता.

पाव तास. तंत्रज्ञाचे तेवढे वाक्य त्यांनी नीट ऐकले होते. बऱ्याच दिवसांनी कान उघडला तर पाव तास लागतो. म्हणजे पात्र पुन्हा टोपीवर ठेवले, तर काहीही बिघडत नव्हते. चूक शाबूत राहिली असती. प्रियदर्शनी आली असती, तिने मोजले असते, आणि विचारले असते की हे पात्र कुणाचे. मग कागदावर चढले असते की एका गुरवाने पूजेपायी सरकारी घड्याळाचा कान झाकला, त्याच गुरवाने छातीवर हात ठेवून त्या घड्याळाची साक्ष दिली, आणि एका निर्दोष माणसाचे घर बुडाले. दीड महिन्यावर निवृत्ती. सत्कार, शाल, वेळापुरात थोरल्या भावासमोर ताठ मानेने बसणे.

ते गच्चीच्या कठड्याला टेकून खाली बसले. पात्र मांडीवर. मनगटावर घड्याळ होते, सकाळीच संचाशी जुळवलेले. त्यांनी काटा पाहिला. दोन मिनिटे गेली. चार गेली. 'आता उठतो,' असे ते प्रत्येक मिनिटाला मनाशी म्हणाले. घटिकापात्राशेजारी बसलेल्याने उठायचे नाही, हा धडा त्यांच्या सात पिढ्यांनी गिरवला होता, आणि तो त्या दुपारी भलत्याच ठिकाणी त्यांच्या कामी आला. खाली ज्वारीच्या रानात कुणीतरी पाखरे हाकलत होते. नऊ मिनिटे. अकरा. बाराव्या मिनिटाला त्यांना दानेश्वरी दिसली, चपला हातात घेऊन चाललेली. ते धडपडत उठले आणि पात्र टोपीवर घालायला गेले. ते नीट बसेना. एकदा निसटून गच्चीवर आपटले, त्याचा आवाज घंटेसारखा झाला. पुन्हा उचलून त्यांनी ते बसवले, आणि शिडीवरून जवळजवळ घसरतच खाली उतरले.

कक्षात हिरवा दिवा लागला होता. ते बघत असतानाच पुन्हा लाल झाला.

पण पाव तास हा ढोबळ अंदाज होता, त्या थोड्या अवधीतच संचाने आकाश ऐकून घेतले होते. महिपतरावांनी मनगट संचाशेजारी धरले. सकाळी सेकंदासकट जुळलेली दोन घड्याळे आता एक मिनिट आणि अडतीस सेकंदांनी वेगळी होती. वर्षात अठ्ठ्याण्णव सेकंद, म्हणजे चैत्रापर्यंतच्या अर्ध्या वर्षात जवळजवळ पन्नास: खटका फोनच्या आधी नव्हे, नंतर मिटला होता.

प्रियदर्शनी परतली तेव्हा त्यांनी तिला सगळे सांगितले. पात्र, सुतक, गाठोडे, गच्ची, सगळे. तिने आपला संच लावून पाहिला. कक्षातल्या घड्याळात आता चूक नव्हती. डोळ्याची पापणी लवण्याच्या हजाराव्या हिश्शाइतकीही नव्हती.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, काका," ती एवढेच म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर बरे झाले असते.

"हे मनगटी घड्याळ बघा ना. अठ्ठ्याण्णव सेकंद. हेच त्याचं सकाळपर्यंतचं—"

"मला पटतंय. मी लिहूनही देईन. पण हे यंत्राचं मोजमाप नाही. हे तुमचं मनगट आहे."

सोमवारी सुनावणी झाली. महिपतराव स्वतःहून गेले आणि हात जोडून बोलले. अपिलाच्या अधिकाऱ्यांनी सावकाश ऐकून घेतले. कोपऱ्यात युवराज साहेब बसले होते. मध्यंतरी त्यांची बढती झाली होती.

"मनगटी घड्याळ मागे पडलं म्हणून सरकारी नोंद खोटी मानायची?" अधिकाऱ्यांनी विचारले. "चाचणी अहवालात घड्याळ अचूक आहे."

"साहेब, मी पात्र काढल्यावर ते अचूक झालं."

"पात्र काढताना कुणी पाहिलं?"

"कुणी नाही."

युवराज साहेब मृदू स्वरात म्हणाले, "महिपतरावांचा आधीचा जबाब सोबत आहेच, साहेब. 'हे घड्याळ खोटं बोलत नाही.' सही त्यांचीच आहे. आता जोडीदाराची दया आली असेल. माणूस आहे, स्वाभाविक आहे."

"माझ्या सांगण्याला काहीच किंमत नाही का?" महिपतरावांनी विचारले.

"गुरव, तुमचा शब्द आणि घड्याळाची नोंद, यांत आम्ही काय धरायचं ते तुम्हीच चौकशीत सांगितलंत."

अपील फेटाळले गेले.

कार्यालयाच्या आवारातल्या लिंबाखाली मायाक्का पोरीला कडेवर घेऊन उभी होती. भरपाईच्या कागदावर अंगठा द्यायला आली होती. महिपतरावांना पाहून ती वाकून पाया पडली.

"अण्णा, तुमी खरं बोलला म्हून त्या मारेकऱ्याला शिक्षा झाली. न्हायतर आमा गरिबाचं कोन ऐकतंय?"

"मायाक्का, तिप्पण्णानं नाही मारलं गं त्याला. मी चुकलो. घड्याळ—"

ती सरळ झाली. तिचा चेहरा बंद झाला. "आता कशापायी फिरवताय, अण्णा? तवा शाणे हुता, आज काय झालं? कुनी समजावलं तुमाला?" पोरीचे तोंड पदराने झाकून ती दूर जाऊन उभी राहिली, जणू त्यांची नजर लागेल.

फाटकापाशी तिप्पण्णा भेटला. तो आता एका गोदामावर रखवालदार होता, गणवेश एक माप मोठा. महिपतरावांनी त्याच्यासमोर हात जोडले.

"तिप्पण्णा, पात्र माझं होतं. मीच—"

"ऐकलं की आत. मी बी हुतो न्हवं." त्याने तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सारली. "पात्राचं मला काय न्हाय, अण्णा. तुमची आई गेली हुती. माझ्या बी हातनं ऱ्हायलंच की वर. त्ये समदं देवाचं."

"मग?"

"घड्याळाची तुमची वळख सहा वरसांची. माझ्याशी तेरा वरसांची." त्याने सायकलच्या कुलपात किल्ली घातली. "मी म्हनलो, मागं हाय, उठून बगा. दहा पावलं हुती. साहेब उठले न्हाईत, त्ये परके. तुमी तरी उठायचं हुतं."

तिप्पण्णाने सायकल काढली. जाता जाता जुन्या सवयीने म्हणाला, "ऊन लागतंय, सावलीला व्हा," आणि मागे वळून न पाहता गेला.

खंडेनवमीला महिपतराव उपकेंद्रात पूजेला गेले नाहीत. शुक्रवार पेठेतल्या घरी त्यांनी घंगाळ भरले, पात्र चिंचेने घासून लखलखीत केले आणि पाण्यावर सोडले. मनगटावरचे घड्याळ अजून अठ्ठ्याण्णव सेकंद मागेच होते. त्यांनी ते पुन्हा जुळवले नव्हते. गच्चीवर आपण किती वेळ बसलो होतो, तो काळ एकदा घराण्याच्या मापाने मोजून पाहावा, असे त्यांच्या मनात होते. पुढे काय करायचे, हे त्यांनी ठरवले नव्हते.

बारा मिनिटे झाली. चोवीस झाली. पात्र बुडेना. वाकून पाहिले तर आत पाण्याचा टिपूसही नव्हता. वर्षभर वाळलेल्या हळदीने आणि हिरव्या गंजाने ते सुईएवढे छिद्र लिंपून गेले होते, चिंचेने न निघण्याइतके घट्ट.

बायकोने स्वयंपाकघरातून विचारले, "झाली का घटका?"

महिपतराव बोलले नाहीत. पात्राशेजारी बसलेल्याने बोलायचे नसते. ते तसेच बसून राहिले, आणि तांब्याचे ते पात्र पाण्यावर स्वच्छ, कोरडे, तरंगत राहिले.